पालकत्व आणि करमणूक : उल्हासनगर कॅम्प ५ च्या निमित्ताने एक ऐतिहासिक विचार

१

आपल्या महसुली मराठीत 'अ. पा. क.' असा एक जुना संक्षेप आहे. सात-बाराच्या उताऱ्यावर लहान मुलाचे नाव लागले, की त्यापुढे ही तीन अक्षरे येतात आणि मागोमाग आईचे, चुलत्याचे अथवा आजोबांचे नाव येते. त्या अक्षरांचा विस्तार 'अज्ञान पालनकर्ता' असा होय. येथे 'अज्ञान' म्हणजे ज्याला काही कळत नाही तो नव्हे, तर ज्याला अठरा वर्षे पूर्ण झालेली नाहीत तो. त्याचा प्रतियोगी शब्द 'सज्ञान'. १८७५ च्या 'इंडियन मेजॉरिटी ॲक्ट'ने केवळ वयाची मर्यादा ठरविली. त्या वयाला ज्ञानाचे नाव मात्र आपल्या भाषेने दिले. परिणामी ज्याच्या बुद्धीची वाढ बालपणीच मंदावली आहे, असा मुलगाही अठराव्या वाढदिवशी कायद्याच्या मराठीत 'सज्ञान' होतो आणि त्याच दिवशी त्याच्या आईबापांचे कायदेशीर पालकत्व संपुष्टात येते.

ही गोष्ट बहुतेक आईबापांना ठाऊक नसते, आणि ठाऊक नसण्याचे एक कारण पुन्हा भाषेतच आहे. मराठीत 'पालक' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. शाळेच्या पालकसभेला जातात ते आईबाप, आणि न्यायालय ज्याची नेमणूक करते तो पालक, या दोहोंना आपण एकाच नावाने ओळखतो. 'मी त्याचा पालक आहेच, मग मला नव्याने पालक कोण करणार?' हा बापाचा प्रश्न म्हणूनच अडाणीपणाचा नव्हे. तो शब्दाच्या अर्थाला धरूनच आहे.

प्रस्तुत लेखात या पालकत्वाच्या कल्पनेचा इतिहास थोडक्यात पाहावयाचा असून त्यासाठी उल्हासनगरचा कॅम्प ५ हा भाग डोळ्यांपुढे ठेवला आहे. ही वस्ती निवडण्याचे कारण असे, की राज्यसंस्था स्वतः पालक कशी होते आणि अनुदान संपल्यावर ते पालकत्व कोणाकडे जाते, हा प्रश्न या वस्तीच्या जन्मापासून तिच्याशी निगडित आहे. दुसरे कारण भाषेचे आहे; त्याकडे शेवटी येऊ. लेखाचे प्रतिपाद्य एवढेच, की पालकत्वाच्या कायद्याने आधी मालमत्तेचा, मग अन्नवस्त्राचा व सर्वांत शेवटी माणसाच्या इच्छेचा विचार केला; आणि ती इच्छा जाणून घेण्याचे जे सर्वांत खात्रीचे साधन, म्हणजे करमणूक, ते मात्र पालकत्वाच्या हिशेबाबाहेरच राहिले.

२

बौद्धिक वाढ खुंटणे आणि मन बिघडणे या दोन भिन्न अवस्था आहेत, याची जाणीव आपल्याकडे जुनी आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वारसाहक्कास अपात्र ठरविलेल्यांची जी यादी आहे तीत 'उन्मत्त' आणि 'जड' हे शब्द वेगवेगळे आले आहेत. या दोघांनाही वाटा नाही. मात्र त्यांना अन्न आणि आच्छादन देण्याचे कर्तव्य वाटेकऱ्यांवर टाकलेले आहे. मराठीतील 'अन्नवस्त्र' ही संज्ञा याच व्यवस्थेची वाहक होय. अन्नवस्त्राचा अधिकारी कुटुंबात राहतो, जेवतो, वस्त्र नेसतो. पण घराच्या कारभारात त्याचे मत नसते. कुटुंबाने त्याला टाकावयाचे नाही, आणि विचारावयाचेही नाही, असा हा दुहेरी दंडक होता.

इंग्रजी अंमलात १८५८ साली या विषयावर एकापाठोपाठ एक असे तीन कायदे झाले. चौतिसावा कायदा इलाख्यांच्या राजधान्यांतील सुप्रीम कोर्टांसाठी, पस्तिसावा जिल्हा न्यायालयांसाठी आणि छत्तिसावा वेड्यांच्या इस्पितळांसाठी होता. कल्याण तालुका, म्हणजे आजच्या उल्हासनगरची भूमी, पस्तिसाव्या कायद्याच्या कक्षेत येत असे. या कायद्याची रचना पाहण्याजोगी आहे. चौकशीत एखादी व्यक्ती आपला कारभार पाहण्यास असमर्थ ठरली, तर न्यायालयाने तिच्या मालमत्तेसाठी व्यवस्थापक आणि तिच्या देहासाठी पालक नेमावयाचा. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. ज्याच्याजवळ मालमत्ता नाही, त्याच्यासाठी न्यायालयाची पायरी चढण्याचे कोणालाच प्रयोजन नव्हते.

१९१२ च्या 'इंडियन ल्यूनसी ॲक्ट'ने हे कायदे एकत्र केले. त्यात 'ल्यूनॅटिक' या संज्ञेची व्याख्या 'इडियट' किंवा अस्थिरचित्त व्यक्ती अशी केली असून, स्मृतिकारांनी वेगळे ठेवलेले 'जड' आणि 'उन्मत्त' येथे एका नावाखाली आले. त्याच कायद्यात आणखी एक तरतूद होती. वेड्याचा कायदेशीर वारस हा त्याच्या देहाचा पालक नेमला जाऊ नये. नेमावयाचाच असेल, तर ती नेमणूक त्या व्यक्तीच्या हिताची कशी, याची कारणे लेखी नमूद करावीत, असे तीत सांगितले होते. ज्याला कोणाच्या मरणाने लाभ होणार, त्याच्या हाती त्याचे जगणे सोपवू नये, असा हा विचार. व्यावहारिक दृष्ट्या तो शहाणपणाचाच म्हणावा लागेल. परंतु आपल्या भाषेची रीत त्याच्या नेमकी उलट आहे. ज्याचे कोणी नाही त्याला मराठीत आपण 'बेवारस' म्हणतो, हिंदी-सिंधी भाषक 'लावारिस' म्हणतो. म्हणजे लोकभाषेत वारस हाच वाली, आणि कायद्याच्या भाषेत वारस हाच संशयित. हा विरोध आजही मिटलेला नाही.

यानंतरचे दोन टप्पे मालमत्तेच्या कायद्यातील आहेत. १९२८ च्या कायद्याने हिंदूंच्या वारसाहक्कातील शारीरिक व्यंगाची अपात्रता काढून टाकली, पण जन्मापासून वेडा अथवा 'इडियट' असलेल्याचा अपवाद मात्र तसाच ठेवला. तो अपवाद १९५६ च्या हिंदू वारसा अधिनियमाच्या अठ्ठाविसाव्या कलमाने गेला. रोग, दोष वा व्यंग यांच्या कारणाने कोणीही वारसाहक्कास अपात्र ठरणार नाही, असे त्या कलमाने ठरविले. यावरून एक अनुमान सहज निघते. १९५६ पर्यंत मिताक्षरा पद्धतीच्या हिंदू कुटुंबात जन्मतः बुद्धीची वाढ खुंटलेल्या व्यक्तीला वाटाच नव्हता. त्यामुळे मालमत्तेभोवती उभारलेल्या पालकत्वाच्या कायद्याची तिच्या घरच्यांना फारशी गरज पडत नसावी. १९५६ नंतर ती व्यक्ती वारस झाली. स्वतःच्या हक्काचे पालकत्व मात्र तिला आणखी चार दशके मिळाले नाही.

३

आता कॅम्प ५ कडे वळू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ उल्हास नदीच्या खोऱ्यात लष्कराची मोठी छावणी वसविण्यात आली होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना या छावणीच्या बराकींत ठेवण्यात आले. गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी ८ ऑगस्ट १९४९ रोजी येथे नगराची कोनशिला बसविली आणि छावणीचे उल्हासनगर झाले. छावणी मूळ पाच विभागांची. नाव बदलले तरी विभागांचे क्रमांक बोलण्यात टिकले, आणि आजही येथला माणूस आपला पत्ता 'कॅम्प ५, बराक अमुक' असाच सांगतो. कॅम्प ५ हा त्यांतील दक्षिणेकडचा, अंबरनाथला लागून असलेला भाग.

निर्वासितांच्या पुनर्वसनात केंद्र सरकारने एक जबाबदारी वेगळी काढली होती. निराधार स्त्रिया, अनाथ मुले, वृद्ध आणि अपंग यांचा भार धडधाकट निर्वासितांप्रमाणे काही काळाने उतरावयाचा नसून तो सरकारने कायम उचलावयाचा, असे तत्त्व स्वीकारले गेले आणि त्यांच्यासाठी देशात आश्रयगृहे काढण्यात आली. राज्यसंस्थेने पालक होण्याचे हे एक मोठे उदाहरण होय. परंतु त्याची अट लक्षात घेतली पाहिजे. सरकारचे पालकत्व 'निराधारां'साठी होते. ज्याला आईबाप, भाऊ अथवा चुलता आहे, त्याचा भार कुटुंबावर. त्यामुळे मंदबुद्धीचे मूल घेऊन सीमा ओलांडून आलेल्या कुटुंबाला सरकारच्या नोंदीत वेगळे स्थान नव्हते. बराकीच्या एका खोलीत ते मूल इतर भावंडांबरोबर वाढले.

१९५४ साली विस्थापितांच्या नुकसानभरपाईचा व पुनर्वसनाचा कायदा झाला. त्यान्वये सरकारी ताब्यातील खोल्या व भूखंड रहिवाशांच्या मालकीचे होण्याचा मार्ग मोकळा झाला आणि उल्हासनगरात 'सनद' हा शब्द घरोघरी पोचला. या सालाशेजारी १९५६ हे साल ठेवून पाहावे. दोन वर्षांच्या अंतराने एका कायद्याने कुटुंबाला घर दिले आणि दुसऱ्याने त्या घरातील प्रत्येक अपत्याला, मग त्याची बुद्धी कशीही असो, वारस केले. आजोबांच्या नावची सनद, त्यांचे निधन, मागे चार वारस आणि त्यांतील एकाला सही करता येत नाही, अशी स्थिती उद्भवण्याची बीजे या दोन वर्षांत पेरली गेली. ती उगवण्यास एक पिढी जावी लागली, कारण तोवर घराचा मूळ धनी जिवंत होता.

४

याच काळात मुंबईत संस्थात्मक कार्याला आरंभ झालेला दिसतो. 'चिल्ड्रन्स एड सोसायटी'ने १९४१ मध्ये मानखुर्द येथे मंदबुद्धी मुलांसाठी निवासगृह काढले. १९४४ मध्ये वकील दांपत्याने आपल्या कन्येच्या निमित्ताने शाळा सुरू केली. तीच पुढे शिवडीची जय वकील शाळा म्हणून नावारूपाला आली. पुण्यात १९६४ मध्ये 'कामायनी' निघाली. पहिली संस्था बालन्यायालयाच्या मार्गाने येणाऱ्या मुलांची, तर दुसरी आईबापांच्या पुढाकाराची. भारतातील या कार्याचे हे दोन प्रवाह तेव्हापासून समांतर वाहत आहेत.

दोन्ही प्रवाहांत एक गोष्ट समान होती. या कार्याची कल्पना 'मूल' या शब्दाभोवती रचलेली होती. शासनाचे अनुदान विशेष शाळेला मिळते, आणि शाळेला वयाची मर्यादा असते. अठरा वर्षांनंतर 'कार्यशाळा' येते. तेथे कागदी पिशव्या, पणत्या, मेणबत्त्या यांसारखी कामे शिकवितात. शाळा व कार्यशाळा यांच्या अनुदानाच्या भाषेत प्रशिक्षण आहे, उपस्थिती आहे, मानधन आहे. प्रौढ माणसाने दिवसाचे उरलेले तास कसे घालवावेत, याला मात्र तीत लेखाशीर्ष नाही. खुद्द 'मतिमंद' हा शब्दही त्या काळच्या शाळेचीच देणगी असावी. संस्कृतातील 'मंदमती' हा बहुव्रीहि पुऱ्या माणसाचे वर्णन करतो. मराठीत रूढ झालेला 'मतिमंद' हा 'मतीने मंद' असा तत्पुरुष असून, तो माणसाला एका मापावर उभा करतो. माप आले की वर्ग आला, आणि वर्ग आला की अनुदान आले. २०१६ च्या कायद्याने हा शब्द बाजूला सारून बौद्धिक अक्षमतेची संज्ञा आणली. शब्द बदलला, अनुदानाच्या मनातील 'मूल' मात्र अजून मोठे झालेले नाही.

दरम्यान वैद्यकशास्त्राने एक वेगळाच पालट घडवून आणला. डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचे सरासरी आयुष्य अमेरिकेत १९८३ च्या सुमारास पंचवीस वर्षांचे होते. आता ते साठीच्या आसपास गेले आहे. आपल्याकडेही हृदयावरील शस्त्रक्रिया आणि प्रतिजैविके यांच्या योगाने अशी मुले आईबापांच्या मागे उरू लागली. 'आमच्यानंतर कोण?' हा प्रश्न म्हणूनच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाचा प्रश्न होय. यापूर्वी तो विचारण्याची पाळी अनेक आईबापांवर येतच नसे.

५

हा प्रश्न ऐरणीवर आला, नेमक्या त्याच वेळी कायद्यात पोकळी निर्माण झाली. १९८७ चा मानसिक आरोग्य अधिनियम १ एप्रिल १९९३ पासून अमलात आला आणि १९१२ चा कायदा रद्द झाला. नव्या कायद्याने मनोरुग्णाची व्याख्या करताना मतिमंदत्व स्पष्टपणे वगळले. 'जड' आणि 'उन्मत्त' पुन्हा वेगळे झाले, आणि शास्त्रदृष्ट्या ते योग्यच होते. परंतु जुन्या घरातून ज्याला बाहेर काढले, त्याच्यासाठी नवे घर बांधलेले नव्हते. मंदबुद्धी प्रौढासाठी पालक कोणत्या कायद्याखाली नेमावा, या प्रश्नाला काही वर्षे नीट उत्तरच राहिले नाही. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्याने शिक्षण व नोकरीचा विचार केला. पालकत्वाचा केला नाही.

पालकत्वाच्या सत्तेला मर्यादा नसल्या की काय घडते, याचे उदाहरण महाराष्ट्राने याच सुमारास पाहिले. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूर येथील शासकीय वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्यात शस्त्रक्रियेने काढण्यात आली. मासिक पाळीची स्वच्छता राखणे अवघड जाते, असे कारण देण्यात आले. स्त्रियांच्या संघटनांनी याविरुद्ध आवाज उठविला आणि त्या वादाचे पडसाद देशभर उमटले. येथे पालक राज्यसंस्था होती. अन्न होते, वस्त्र होते, निवारा होता. मुलीला काय हवे, हे विचारण्याची मात्र रीत नव्हती. अन्नवस्त्राच्या कल्पनेचा हा शेवटचा टप्पा म्हणावयास हरकत नाही.

३० डिसेंबर १९९९ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या 'नॅशनल ट्रस्ट' अधिनियमाने ही पोकळी भरून काढली. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगत्व असलेल्या व्यक्तींसाठी एक राष्ट्रीय न्यास स्थापन झाला आणि केंद्र सरकारने त्याला शंभर कोटी रुपयांचा मूळ निधी दिला. आईबापांच्या संघटनांचे प्रयत्न या कायद्यामागे होते. अशा संघटनांचा 'परिवार' हा राष्ट्रीय महासंघ १९९५ मध्येच उभा राहिला होता. या कायद्याने पालक नेमण्याचे काम न्यायालयाकडून काढून जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे दिले. जिल्हाधिकारी अथवा त्या दर्जाचा अधिकारी, एक नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती अशा तिघांची ही समिती असते. आईबाप, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था तिच्याकडे अर्ज करू शकतात. पालकाची खरोखर गरज आहे काय आणि असल्यास कोणत्या प्रयोजनासाठी, हे समितीने तपासावयाचे असते. वकिलावाचून हे काम होते, हा मोठाच लाभ.

कॅम्प ५ मधील कुटुंबाला त्यासाठी ठाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत, अंबरनाथहून रेल्वेने सुमारे पंचवीस किलोमीटर, जावे लागते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा होईपर्यंत हे कार्यालय डहाणू-तलासरीपासून मुरबाडपर्यंतच्या जिल्ह्याचे होते. अर्ज केव्हा होतो, हे सांगण्यास फार संशोधनाची गरज नाही. बँकेचे खाते, बापाचे कुटुंबनिवृत्तिवेतन, खोलीची विक्री अथवा इमारतीचा पुनर्विकास यांपैकी कशासाठी तरी सही लागली, की पालकत्वाची आठवण होते. १८५८ चा क्रम आजही कायम आहे : आधी मालमत्ता, मग माणूस.

हिशेबाचा रोखही तोच आहे. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत पालकाने मालमत्तेची यादी सादर करावयाची, आणि आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्च द्यावयाचा, असे अधिनियमात आहे. ही तरतूद आवश्यकच आहे. परंतु त्या वर्षात ती व्यक्ती कोठे गेली, कोणाला भेटली, कशात रमली, याची नोंद पालकाकडे मागितलेली नाही.

६

येथे 'करमणूक' या शब्दाचा विचार करणे अगत्याचे आहे. हा शब्द 'करमणे' या क्रियापदापासून झालेला असून ते क्रियापद मराठीचा एक विशेष आहे. 'मला येथे करमत नाही' या वाक्याचा अर्थ केवळ कंटाळा येतो असा नाही. येथे माझे मन बसत नाही, ही जागा माझी वाटत नाही, माझी माणसे येथे नाहीत, हे सारे त्यात आले. सासरी गेलेल्या मुलीला करमत नाही. मुंबईहून गावी आलेल्या म्हाताऱ्याला करमत नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये आपल्या साप्ताहिकाला 'करमणूक' हे नाव दिले, तेव्हा त्या शब्दात रंजनाबरोबर मनाची मशागतही अभिप्रेत होती. पुढे हा शब्द उतरत उतरत 'करमणूक करा'पर्यंत आला आणि जी चैनीची वस्तू म्हणून कर भरून घ्यावयाची, ती करमणूक, असा समज रूढ झाला. अनुदानाच्या यादीत तिला जागा न मिळण्याचे मूळ या समजात आहे.

जागतिक पातळीवर हा समज १९६० नंतर बदलू लागला. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींच्या 'स्पेशल ऑलिंपिक्स' स्पर्धा २० जुलै १९६८ रोजी शिकागो येथे प्रथम भरल्या. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारात तिसाव्या अनुच्छेदाने सांस्कृतिक जीवन, करमणूक, विश्रांती व खेळ यांना हक्काचे स्थान दिले. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्या करारास अनुसमर्थन दिले, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या अधिनियमात संस्कृती, करमणूक व क्रीडा यांवर स्वतंत्र कलमे आली.

आपल्या पालकत्वाच्या नियमांतही करमणुकीची एक पुसट छाया आहे. मात्र ती निषेधरूपाने. न्यासाच्या २००० च्या नियमांत पालकाने केलेला छळ अथवा हेळसांड कशास म्हणावे, हे सांगताना त्या व्यक्तीला दीर्घकाळ एका खोलीत एकटे कोंडून ठेवणे आणि साखळीने बांधणे यांचा उल्लेख आहे. म्हणजे कोंडणे हा दोष; बाहेर नेणे हे कर्तव्य मात्र नाही. या दोहोंच्या मधल्या विस्तीर्ण प्रदेशात बहुसंख्य प्रौढांचे आयुष्य जाते. त्यांना कोणी बांधत नाही, मारीत नाही, उपाशी ठेवीत नाही. ते खिडकीपाशी बसलेले असतात.

कॅम्प ५ मध्ये या प्रदेशाचा आकार बदललेला आहे. बराकींच्या रांगांपुढे मोकळी जागा होती तोवर घराचा उंबरठा आणि रस्ता यांच्यामध्ये एक अंगण होते. तेथे बसलेल्या मंद मुलावर चार घरांचे लक्ष राही. पुढे बराकींच्या जागी इमारती झाल्या, आणि जीन्स शिवण्याचा व धुण्याचा धंदा येथे फोफावला. अंगण गेले, जिना आला. जिन्यावरून खाली नेणारा कोणी लागतो. त्यातल्या त्यात सणांनी ही उणीव काही अंशी भरून काढलेली दिसते. येथील पूज्य चालिया मंदिराचा चाळीस दिवसांचा उत्सव असो किंवा शेजारच्या आळीतला गणपती असो, तेथे टाळी वाजविण्यास बुद्ध्यांकाचा दाखला लागत नाही. पण उत्सव हा वर्षातून एकदा. विशेष शाळांचे स्नेहसंमेलन आणि ३ डिसेंबरच्या जागतिक दिनाच्या स्पर्धाही वर्षातून एकदाच. करमणे ही मात्र रोजची गरज.

अनुदानाच्या योजनांपैकी न्यासाची दिवसभराच्या केंद्राची योजना या गरजेच्या सर्वांत जवळ येते.  महाराष्ट्रातील नगरपालिका व महानगरपालिकांनी आपल्या उत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवावयाचा आहे, आणि राज्यात डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही आहे. म्हणजे पैशाच्या वाटा अगदीच बंद नाहीत. परंतु जो पैसा पालकत्वासाठी आहे त्याचा करमणुकीशी संबंध नाही, आणि जो केंद्रासाठी आहे त्याचा पालकत्वाशी नाही. अनुदानाचे वर्ष मार्चअखेर संपते. पालकत्व माणसाच्या आयुष्याइतके असावे लागते.

७

या ठिकाणी एक आक्षेप येऊ शकेल. ज्यांच्या घरी औषधाला पैसे नाहीत, त्यांच्यापुढे करमणुकीची गोष्ट काढणे हे मीठभाकरीवाचून बसलेल्यास पक्वान्न सांगण्यासारखे नव्हे काय? आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे उत्तर दयाबुद्धीच्या भाषेत देता येणार नाही. ते कायद्याच्या भाषेतच दिले पाहिजे.

२०१६ च्या अधिनियमाच्या चौदाव्या कलमाने 'मर्यादित पालकत्वा'ची कल्पना आणली. पालकाने त्या व्यक्तीच्या ऐवजी निर्णय घ्यावयाचा नसून तिच्याशी विचारविनिमय करून, परस्परांच्या समजुतीने आणि तिच्या इच्छेनुसार घ्यावयाचा आहे. तत्पूर्वी २००९ मध्ये चंदीगडच्या एका खटल्यात, सौम्य मतिमंदत्व असलेल्या स्त्रीची संमती इतरांना तिच्या वतीने देता येत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने घेतली होती. अन्नवस्त्रापासून इच्छेपर्यंतचा हा प्रवास मोठा आहे. पण इच्छा कळावयाची कशी? ज्याची वाचा चाळीस-पन्नास शब्दांची आहे, त्याला 'खोली विकावी काय?' असे विचारून उत्तर मिळत नाही. त्याची इच्छा लहान लहान निवडींतून कळते. तो कोणत्या बाकावर बसतो, कोणते गाणे लागले की थांबतो, कोणाच्या सोबतीने जिना उतरतो आणि कोणाला पाहून मागे फिरतो, या निवडी ज्याने वर्षानुवर्षे पाहिल्या आहेत, त्यालाच 'याला येथे करमेल' अथवा 'करमणार नाही' असे अधिकाराने सांगता येते. ज्याला निवडण्याची संधीच कधी दिली नाही, त्याची इच्छा जाणली, असे म्हणणारा पालक आपलीच इच्छा सांगत असतो.

येथेच भाषेचा प्रश्न येतो. कॅम्प ५ च्या सिंधी घरात वाढलेल्या प्रौढाचे ते पन्नास शब्द सिंधीत आहेत. मराठी घरातल्याचे मराठीत, आणि उत्तर प्रदेशातून येथे कामाला आलेल्या घरातल्याचे हिंदीत किंवा भोजपुरीत. या परिसरात प्रौढांसाठी निवासी संस्था आहेत. डोंबिवलीजवळ खोणी येथे पालकांनी उभारलेले 'घरकुल' आहे, बदलापूरजवळ बेंडशीळ येथे 'संगोपिता' आहे. आईबापांच्या पश्चात ज्याला घराबाहेरच्या आश्रयाला जावे लागेल, त्याच्यापुढे भाषेचे हे अंतर उभे राहील. त्याच्या 'अम्मा'चा 'पाणी' शब्द आणि सेविकेचा 'पाणी' शब्द योगायोगाने एक आहे. इतर शब्दांबाबत असा योगायोग होईलच असे नाही. धडधाकट माणूस नवी भाषा शिकतो. याला ती कोणी शिकवावयाची? उलट त्याचे शब्द, त्याच्या खुणा आणि त्याच्या आवडी पालक होणाऱ्याने आधी शिकावयास हव्यात, आणि त्या शिकण्याची वेळ आईबाप हयात असतानाच असते. बरोबर फिरावयास जाणे, एकत्र गाणे ऐकणे, जेवणापूर्वीचा पत्त्यांचा डाव मांडणे, यांवाचून ते शिक्षण होत नाही.

म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली अशी, की नेमल्या जाणाऱ्या पालकाने नेमणुकीपूर्वी काही काळ त्या व्यक्तीच्या विरंगुळ्यात सहभागी व्हावे आणि त्याचा खर्च अनुदानाने उचलावा. तो पालकत्वाच्या तयारीचाच खर्च होय. दुसरी अशी, की पालकाच्या वार्षिक हिशेबात जमाखर्चाबरोबर आणखी एक पान असावे. त्या वर्षी ती व्यक्ती कोठे गेली, कोणाबरोबर गेली, तिने काय निवडले आणि काय नाकारले, एवढेच त्यावर लिहावयाचे. समितीला ते पान वाचण्यास फार वेळ लागणार नाही. ते कोरे असेल, तर मालमत्तेचा हिशेब पैपर्यंत जुळला असूनही पालकत्वात काहीतरी चुकले आहे, हे तिला कळेल.

'अ. पा. क.' या तीन अक्षरांत आपल्या महसुली मराठीने पालनाला 'कर्ता' दिला. म्हणजे पालन ही नुसती अवस्था नसून करावयाची क्रिया आहे, हे तिने मान्य केले. ती क्रिया अठराव्या वर्षी थांबवावी असे भाषेत कोठेही म्हटलेले नाही. थांबते ते फक्त 'अज्ञान' हे विशेषण.